उजवी भुवई खाली येईना

मी एक भुवई बोलतेय. उजवी. डावी माझी सख्खी बहीण, पण ती स्वभावानं गरीब. घरातली सगळी बोलणी मलाच खावी लागतात.

शब्दकोशात माझा अर्थ 'डोळ्यावरची केसांची रेघ' एवढाच दिलेला असेल, तर तो लिहिणाऱ्याला कधी कोणी दटावलेलं नसावं. घाम डोळ्यात उतरू द्यायचा नाही, हे माझं वरवरचं काम. खरं काम चढण्याचं. मी एकटी चढले की संशय, दोघी चढलो की नवल, आणि दोघी जवळ आलो की समोरच्यानं काढता पाय घ्यावा.

माझी मालकीण कपड्यांच्या कारखान्यात तयार शर्ट तपासते. तिला तोंड उघडावं लागत नाही. मी जरा वर गेले की शिवणारा मुकाट्यानं कॉलर उसवायला घेतो. या दबदब्याची मला भारी मिजास.

ती उतरवली तिच्या थोरल्या बहिणीनं. ही बाई नुकतीच पार्लरचं काम शिकलेली. मालकिणीच्या लेकीनं लग्नासाठी पसंत केलेला मुलगा त्या संध्याकाळी पहिल्यांदाच घरी यायचा होता. म्हणून दुपारी या थोरलीनं मालकिणीला भुवया कोरायला खुर्चीत बसवलं. दोरा दातांत धरून गप्पाही मारत होती. व्हायचं तेच झालं. दोरा घसरला आणि माझी खालची बाजू साफ झाली. उरलेली मी कपाळात टांगलेली.

"भारदस्त दिसतेस," ती म्हणाली आणि चहाही न घेता निघून गेली.

मुलगा आला. चपला नीट जोडीनं ठेवल्या, तिथेच तो मालकिणीला आवडला. पण मी आपली वरच.

"मला स्वयंपाक येतो, काकू," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघितलं. "म्हणजे, भात येतो." पुन्हा बघितलं. "कधीकधी खाली लागतो."

मालकीण मनापासून हसली. माझ्यामुळे ते हसू कुत्सित दिसलं.

"नोकरी कशी चाललीय?" तिनं सहज विचारलं.

"उत्तम," तो म्हणाला, आणि त्याला घाम फुटला. "नाही, काकू. गेली. मागच्याच महिन्यात. हिलासुद्धा सांगितलेलं नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अरे, मी कुठे संशय घेतला?" मालकीण म्हणाली. "ही भुवई हिच्या मावशीनं बिघडवलीय. नोकरी काय, दुसरी मिळेल."

तो सुटल्यासारखा हसला. लेकीकडे वळला आणि ते हसू विरलं. तिची उजवी भुवई वर गेली होती. तिला तर कोणी दोरा लावला नव्हता.

"महिनाभर सकाळी डबा घेऊन कुठे जात होतास?"

"बागेत. तुला कळलं तर तू सोडून जाशील, अशी भीती वाटली."

"आता नाही वाटत?"

"वाटतेय की."

ती भुवई खाली यायला फार वेळ लागला. पण आली.

आता माझे केस उगवलेत, मी ताळ्यावर आहे. मागणं एकच: नुसती भुवई बघून माणसाचं मन ठरवू नका, त्याला विचारा. आमचे जावई मात्र हल्ली माझ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. काही सांगायचं असलं की आधी बायकोच्या कपाळाकडे बघतात, आणि मग खरं तेच सांगतात.