जेवायला न येणारा मासा

नवापूर–सुरत एसटीचा ड्रायव्हर योहान गावित याने गेल्या जानेवारीत सुरतेहून बोटभर लांबीचा एक मासा आणला, आणि पुढचा महिनाभर त्याच्या घरात त्या माशाच्या जेवणाखेरीज दुसरा विषय म्हणून निघाला नाही.

तसा योहान मासे पाळण्यात नवखा नव्हता. पुढच्या खोलीत त्याची दोन फुटांची काचेची टाकी होती, तीही खाऱ्या पाण्याची. समुद्र सुरतेच्याही पलीकडे. पण फिल्टरच्या पाण्यात पाकिटातलं मीठ मापाने कालवून त्याने नवापुरातच समुद्र तयार केला होता. त्यात चारपाच दगड आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन जोकर मासे. वर्षभर खाऊन खाऊन ते असे माजले होते, की टाकीत बोट घातलं तरी चावायला यायचे. ते जगले तसं योहानला वाटायला लागलं, आपल्याला यातलं चांगलं कळतं.

म्हणूनच सुरतेच्या दुकानदाराने मँडरिन नावाचा मासा पुढे केला तेव्हा त्याचा पाय निघेना. निळंशार अंग आणि त्यावर शेंदरी नागमोडी रेघा, जणू कुणी गोधडीवर मनाला येईल तसे टाके घातलेत.

"खाता क्या है?" योहानने विचारलं.

"सब खाता है, चाचा," दुकानदार म्हणाला, आणि पिशवी बांधायला घेतली.

परतीच्या फेरीत थर्माकोलचा डबा ड्रायव्हरच्या सीटमागे पाहून कंडक्टर राजेंद्र वाकला. तो रनाळ्याचा, अस्सल अहिराणी.

"काय शे यामा?"

"मासा."

"खावाले?"

"नई, पाळाले."

राजेंद्रने एकदा डब्याकडे, एकदा योहानकडे पाहिलं आणि डबल बेल मारली.

पहिले आठ-दहा दिवस मजेत गेले. मँडरिन दगडादगडावरून सावकाश फिरे, थबके, डोळे गरगर फिरवी आणि दगडाला चोच मारल्यासारखं करी. पण योहानने टाकलेल्या गोळ्या त्याच्या नाकासमोरून खाली जात, तो ढुंकून बघत नसे. मग हळूहळू त्याचं पोट आत गेलं. योहानने दुकानात फोन लावला तेव्हा कुठे खरं कळलं. हा मासा हलतं तेवढंच खातो. दगडांवरचे डोळ्याला न दिसणारे बारीक जीव हेच त्याचं अन्न, आणि दोन फुटांच्या टाकीत ते दहा दिवसांत संपतात.

योहानची बायको आशा अंगणवाडी सेविका. दुर्बळ पोरांना अंगावर मांस चढेपर्यंत भरवण्यात तिची वीस वर्षं गेलेली. तिने काचेला नाक लावून माशाकडे पाहिलं आणि ताबडतोब म्हणाली, "हा वजनाच्या तक्त्यातल्या लाल रेघेच्या खाली गेलाय. एकदम वाढून उपयोग नाही. थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा."

"पण काय?"

त्याचं उत्तर फोनवर मिळालं होतं. योहानने मिठाच्या पाण्यातल्या बारीक कोळंबीची अंडी आणली, कोल्ड्रिंकच्या बाटलीचं बूड कापून ती उलटी टांगली, आत हवेची नळी सोडली. दीड दिवसात पाण्यात केशरी ठिपके वळवळायला लागले. योहानला कोण आनंद! चमचाभर ठिपके त्याने टाकीत सोडले. मँडरिनने डोळे फिरवले. एक ठिपका निरखला. त्याचं निरखणं व्हायच्या आत जोकरांनी सगळी टाकी साफ केली.

चार दिवस हेच चाललं. जोकर आणखी फुगले, मँडरिन आणखी सुकला. राजेंद्र रोज सकाळी गाडीत चढताना विचारायचा, "आज काही खादं का रे?" आणि योहान नकाराची मान हलवायचा.

हे सगळं योहानची आई पारूबाई खाटेवर बसून बघत होती. सत्तरीची म्हातारी, मागच्या अंगणात तिच्या पंधरावीस कोंबड्या. पाचव्या दिवशी तिला राहवलं नाही.

"काय रे, पिल्लांपुढे दाणे टाकायचे आणि कोंबडा मोकळा सोडायचा, हे तुला कुणी शिकवलं?"

"मग काय करू?"

"मी काय करते?"

योहान मागच्या दारात गेला. अंगणात बांबूचं डालगं पालथं घातलेलं. त्याच्या फटींतून पिल्लं आतबाहेर करत होती, आत कण्या टिपत होती. मोठ्या कोंबड्या बाहेरून नुसत्या माना खुपसून चडफडत होत्या.

तासाभरात जॅमची एक बाटली रिकामी झाली. प्लास्टिकच्या झाकणाला तापल्या खिळ्याने बोट जाईल एवढं भोक पडलं, शेजारी नळीपुरतं दुसरं. बाटली टाकीत आडवी झाली आणि नळीतून केशरी ठिपके आत उतरले. जोकरांनी काचेवर धडका मारल्या, भोकात तोंड घालून पाहिलं. पण त्यांची पोटं आड आली. मँडरिन मात्र दगडामागून हलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी योहानला ड्यूटी होती. गाडी सोनगड सोडून निघाली आणि फोन वाजला. गाडी चालवताना त्याचा फोन राजेंद्रकडे असे. राजेंद्रने कानाला लावला, क्षणभर ऐकलं आणि भरल्या गाडीत ओरडला, "खादं! मासानी खादं!"

पुढच्या बाकावरच्या बाईने दचकून विचारलं, "कोण आजारी होतं, भाऊ?"

"मासा," राजेंद्र म्हणाला आणि फोन स्पीकरवर टाकला.

"योहान, गेला रे आत!" पारूबाईचा आवाज गाडीभर घुमला. तिने आयुष्यात स्वतःहून लावलेला हा पहिलाच फोन. "आणि टिपतोय, टिपतोय, थांबतच नाही! आशाला सांग, सहा वेळा नको, आठ वेळा देते मी!"

योहान हसला. रस्त्यावरची नजर न काढता त्याने डाव्या हाताने डोळे पुसले, आणि कारण नसताना एक लांब हॉर्न दिला.

महिन्याभरात मँडरिनचं पोट गोल झालं. आता दगडांवर फिरून कंटाळला की तो आपला आपण बाटलीत जाऊन बसतो. ठिपके उबवायचं काम पारूबाईने स्वतःकडे घेतलंय; योहानने बाटलीला हात लावलेला तिला खपत नाही, "तुझ्या हाताला डिझेलचा वास येतो," म्हणते. रविवारी चर्चमधून येणाऱ्या बाया मासा बघायला थांबतात. ती त्यांना चटईवर बसवते, गप्प राहायला सांगते आणि म्हणते, "तो बोलावून येत नाही. बसा निवांत, येईल."

मग सगळ्याजणी पदर सावरून काचेकडे बघत बसतात.