तासापुरतं काळं उतरवलं

माझा नवरा मोआगी मार्चमध्ये गेला आणि मे महिन्यात मी 'शोक आणि वियोग' या विषयात वर्गात पहिली आले. यात विनोद आहे हे मला कळतं. पण ज्या बाईला रडू येत नाही तिला हसू तरी कुठून येणार?

मी शाळेत शिक्षिका. मुलांच्या अडचणी ऐकायचं काम माझ्याकडे असायचं, म्हणून सरकारने मला दीड वर्षाची रजा दिली आणि राजधानीत, गॅबरोनला मास्टर्सला पाठवलं. मानसिक आरोग्य आणि समाजसेवा. नवरा म्हणाला होता, "आधी माझं डोकं ठीक कर, मग देशाचं." तेव्हा मी त्याला उशी फेकून मारली होती.

तो गेल्यावर सासूने माझ्यासाठी काळ्या कपड्यांचे दोन जोड शिवून घेतले. काळा झगा, काळी खांद्यावरची शाल, काळा डोक्याचा रुमाल. एक जोड अंगावर, एक दोरीवर, वर्षभर. सूर्य मावळायच्या आत घरात, कोणाशी हात मिळवायचा नाही, मोठ्याने बोलायचं नाही, दुसऱ्याच्या शेतातून जायचं नाही. मी सगळं पाळलं. पाळायला काही जड जात नव्हतं, कारण मला कुठे जायचंही नव्हतं आणि कोणाशी बोलायचंही नव्हतं.

दफनाच्या दिवशी आत्या-मावश्या कुजबुजल्या, "बाईच्या डोळ्यांत टिपूस नाही." सासू त्यांच्यावर उखडली, "आतल्या आत जळतेय ती, तुम्हाला काय कळतंय!" त्या रात्री मी नीट तपासून पाहिलं. आत काहीही जळत नव्हतं. वर्गात जी प्रश्नावली आम्ही लोकांना भरायला देतो, ती मी स्वतःच भरली. झोप लागते का? आठ तास. भूक? ताट चाटूनपुसून. जितके गुण कमी तितकं बरं; माझे सत्तावीसपैकी तीन आले, म्हणजे बाई ठणठणीत.

आमच्या डॉक्टर बातिसानी मॅडम म्हणायच्या, "पेलोनोमी, समोरचा काहीही सांगू दे, तू हलत नाहीस. हे शिकवून येत नाही." वर्गातल्या पोरी माझ्याकडे कौतुकाने बघायच्या. मला वाटायचं, दगडही हलत नाही, त्याला कोणी डिग्री देत नाही.

ऑगस्टपासून प्रॅक्टिकलचे तास सुरू झाले. मोचुडीकडच्या एका सरकारी दवाखान्यात मला खोली मिळाली, दोन खुर्च्या आणि एक पंखा. तिथे अडचण आली ती कपड्यांची. माणूस आत यायचा, मला बघायचा आणि स्वतःचं दुःख दारातच ठेवून विचारायचा, "कोण गेलं?"

"नवरा."

"अरेरे. लहान मुलं आहेत का?"

"नाहीत."

"तेही वाईटच." असं म्हणून दहा मिनिटं तो माझीच समजूत काढायचा. मी ऐकून घ्यायचे. मग तो आपलं सांगायचा आणि खरं सांगते, मोकळेपणाने सांगायचा.

मॅडमच्या कानावर हे गेलं. ऑक्टोबरात शेवटच्या निरीक्षणाची, म्हणजे त्यांच्यासमोर एक सत्र घेण्याची, तारीख लागली तेव्हा त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तू तोंड उघडायच्या आधी तुझे कपडे बोलतात. खुर्चीत सल्लागार बसायला हवी, विधवा नाही. मी रीत मोडायला सांगत नाहीये. त्या एका तासापुरते साधे कपडे घाल."

"आणि नाही घातले तर?"

"तर फॉर्मवर मला जे दिसेल ते लिहावं लागेल. नापास झालीस तर जानेवारीपासून प्रॅक्टिकलचे तीनशे तास पहिल्यापासून. तुझी रजा कधी संपतेय?"

"डिसेंबरात."

"बघ मग."

म्हणजे एक तास, आणि त्यावर दीड वर्ष. मला काळजी वाटायला हवी होती. मी कॅलेंडरवर तारखेभोवती गोल काढला आणि घरी गेले.

सासूला सांगायला हवं होतं. ती अंगणात ज्वारी पाखडत बसली होती. मी सांगितलं तशी तिचं सूप थांबलं.

"तासाभरासाठी विधवा नसतेस का गं तू? वर्ग भरला की नवरा जिवंत होतो?"

"परीक्षा आहे, आई."

"माझं पोर मातीत आहे आणि हिची परीक्षा आहे." तिने दोनदा सूप आपटलं. मग माझ्याकडे न बघता, "आणि मला सांगून कशाला करतेस? न सांगता केलं असतंस तर मागाहून चार शिव्या तरी घालता आल्या असत्या. आता मी काय म्हणू?"

"नको म्हणा. मी नाही करणार."

"वा! म्हणजे नापास झालीस की सासूमुळे." ती पुन्हा पाखडायला लागली. "घाल. घाल आणि लगेच उतरव. आणि ते घालून घरी येऊ नकोस. शेजारणीचे डोळे सापडत नाहीत इतके आत गेलेत, पण दिसतं सगळं."

निरीक्षणासाठी मी र्रा केबोनांग यांना निवडलं; वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे र्रा म्हणतात. म्हातारे सत्तरीचे. बायको जूनमध्ये गेली. कोटाच्या डाव्या बाहीवर काळ्या कापडाचा चौकोन शिवलेला, पुरुषांचं सुतक तेवढंच असतं. ब्लड प्रेशरच्या गोळ्या घ्यायचं त्यांनी सोडलं होतं, म्हणून नर्सने माझ्याकडे पाठवलेलं. पहिले दोन आठवडे ते एक शब्द बोलले नाहीत. हॅट गुडघ्यावर ठेवून माझ्या काळ्या शालीकडे बघत बसायचे. तिसऱ्या आठवड्यात म्हणाले, "तुझे किती राहिले?"

"सहा महिने."

"माझे नऊ. तू आधी सुटणार."

त्यानंतर दर आठवड्याला आधी हा हिशेब व्हायचा आणि मग ते बोलायचे. बायको रोज सकाळी ओरडायची, गोळी घे. ते म्हणायचे, नाही घेणार, जा. ती पुन्हा ओरडायची आणि मग ते घ्यायचे. चाळीस वर्षांत एकही सकाळ याशिवाय गेली नव्हती. "आता कोणाला नाही म्हणू? नाही म्हणायलासुद्धा माणूस लागतं, पोरी." मी हे शब्द माझ्या वहीत लिहून घेतले. खाली लाल शाईत मॅडमनी लिहिलं, 'उत्तम नोंद.'

त्या दिवशी मी दवाखान्याच्या संडासात कपडे बदलले. तपकिरी स्कर्ट, निळ्या फुलांचा ब्लाउज. डोक्यावरचा रुमाल काढला. दफनानंतर भादरलेले केस बोटभर वाढले होते. मानेला वारा लागला, बाकी काही नाही. काळे कपडे घडी करून दुकानाच्या पिशवीत घातले आणि पिशवी खुर्चीखाली सारली.

मॅडम कोपऱ्यात फॉर्म घेऊन बसल्या. बाहेर अडतीस डिग्री ऊन होतं आणि पंखा तेच ऊन आत ढवळत होता.

र्रा केबोनांग आत आले. मला बघून थबकले. मागे सरून दारावरचा नंबर वाचला. "माफ करा, चुकलो वाटतं."

"नाही बाबा, इथेच. या, बसा."

आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. बसले, पण हॅट हातातच राहिली. "पाच राहिले होते ना तुझे?"

याचं उत्तर द्यायचं नसतं. स्वतःचं काही सांगायचं नसतं, प्रश्न अलगद परत करायचा असतो. मी तसा केला. "आज मी वेगळी दिसतेय. ते बघून तुमच्या मनात काय आलं?"

कोपऱ्यात पेनाचा आवाज झाला. एक चौकोन भरला असावा.

म्हाताऱ्याने मॅडमकडे पाहिलं, फॉर्मकडे पाहिलं, मग माझ्या भुंड्या डोक्याकडे. "या बाईंनी काढायला लावलं?"

मी पायाने पिशवी खुर्चीखाली आणखी आत सारली.

ते उठले. त्यांनी अंगातला कोट काढला, मला वाटलं उकडतंय म्हणून. माझ्या खुर्चीमागे येऊन त्यांनी तो माझ्या खांद्यांवर घातला, पुढे आले, आणि वाकून गळ्याजवळचं बटण लावलं. बटण दुसऱ्यांदा बसलं. काळा चौकोन बरोबर माझ्या दंडावर आला.

"हं. आता उघडी नाहीस," ते म्हणाले आणि कॉलर फाटलेल्या शर्टात समोर जाऊन बसले. "विचार काय विचारायचंय ते."

समोरच्याकडून काही घ्यायचं नाही, अंगाला हात लावू द्यायचा नाही, आणि तशी वेळ आलीच तर नम्रपणे काय बोलायचं, ते वाक्य मला तोंडपाठ होतं. वर्गात मीच सगळ्यांना म्हणून दाखवलं होतं. वाक्य जिभेवर आलं आणि तिथेच बसलं. कोटाला धुराचा आणि शेळ्यांचा वास येत होता. पाठीवरून घामाच्या धारा लागल्या होत्या. मी कोट काढला नाही.

"गोळीचं काय झालं?" मी विचारलं.

"तीन दिवस घेतोय."

"कशी काय?"

"सकाळी दारात उभा राहून मोठ्याने ओरडतो, नाही घेणार, जा! शेजारी समजतात म्हातारा गेला कामातून. मग आत जाऊन घेतो." ते पहिल्यांदा हसले. वरचे दोन दात नव्हते, ते मला आजच कळलं.

पन्नास मिनिटं ते बोलले. मी बहुतेक वेळ ऐकलं. इतकं चांगलं सत्र माझ्या हातून आधी झालं नव्हतं, हे मलाही कळत होतं.

ते बाहेर गेल्यावर मॅडमनी पेनाला टोपण घातलं. "नववा चौकोन आणि चौदावा. काही घ्यायचं नाही आणि हात लावू द्यायचा नाही. हे दोन्ही सक्तीचे आहेत. तुला माहीत होतं."

"हो मॅडम."

"मग कोट परत का नाही दिलास?"

"माहीत नाही."

"त्याने तुला सांभाळलं, पेलोनोमी. तू त्याला सांभाळायचं होतंस." त्या चिडलेल्या नव्हत्या. उलट थकलेल्या दिसल्या. "आज मी कणव येऊन सही केली तर उद्या तू कोणाच्या तरी दुःखात बुडशील आणि तोही बुडेल. जानेवारीत ये. शाळेला मी पत्र देते, त्यांनी ऐकलं तर ऐकलं."

त्यांनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला. मी सही केली.

कोट द्यायला बाहेर गेले तर म्हातारे औषधांच्या खिडकीपाशी बाकावर बसलेले. "पास?" त्यांनी विचारलं.

"पास, बाबा."

"मग! माझाच कोट आहे तो," ते म्हणाले आणि ऐटीत बाही झटकून चढवला.

मी पुन्हा संडासात जाऊन काळे कपडे चढवले आणि गॅबरोनची कोंबी, म्हणजे भाड्याची मिनीबस, पकडली. काळ्या कपड्यातल्या बाईशेजारची जागा नेहमी सगळ्यात शेवटी भरते. ती एका कोबीच्या पोत्यावाल्या बाईला मिळाली. पोतं मांडीवर घेऊन ती माझ्या अंगावर जवळजवळ बसलीच.

गाडी हायवेला लागली आणि माझ्या मनात आलं, तीनशे तास. परत पहिल्यापासून. आणि मला वाईट वाटलं. साधं, लहान मुलीसारखं वाईट वाटलं, की मी अभ्यास केला होता आणि तरी नापास झाले. नाक चुरचुरलं. काय होतंय हे कळायच्या आत डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, आणि तोंडातून आवाज आला. काळ्या कपड्यात मोठ्याने आवाज करायचा नसतो. तरी आला.

ड्रायव्हरने रेडिओ बंद केला. पुढच्या दोघी मागे वळून परत पुढे बघायला लागल्या. कोबीवालीने एक हात पोत्यावरून काढून माझ्या गुडघ्यावर ठेवला. "रड बाई, रड. नवरा ना?"

मी हो म्हणून मान हलवली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. सात महिन्यांत त्याच्यासाठी एक थेंब नाही आणि दोन चौकोनांसाठी ही रडारड! मला हिला सांगायला हवं होतं की तू समजतेस तसं काही नाही, मी परीक्षेसाठी रडतेय.

"किती महिने झाले?"

"सात."

"काय झालं होतं गं?"

याचं माझ्याकडे तयार वाक्य होतं. सासरी, माहेरी, बँकेत, दवाखान्यात मी ते शंभरदा म्हटलं होतं: अपघातात गेले. मी तोंड उघडलं.

"गाढव," मी म्हणाले.

"काय?"

"महालाप्ये गावाच्या पुढे गाढव आडवं आलं. त्याने गाडी वळवली." मी गुडघ्यावरचा तिचा हात पकडला. "गाढवाला वाचवलं त्याने. गाढवाला खरचटलंसुद्धा नाही. मी गेले तेव्हा ते तिथेच उभं होतं, गवत खात."

कोणी हसलं नाही. कोबीवालीने पोतं पायाशी सोडून दिलं आणि मला दोन्ही हातांनी धरलं. गॅबरोन येईपर्यंत मी मोआगीला मोठमोठ्याने शिव्या देत होते.