वीस लिटरचं पातेलं आणि माझी काच

आधी नाकाला रुमाल लावा, मग पुढचं ऐका. मी काचेची शेगडी बोलतेय. इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या एका घराच्या मागच्या बागेत, कुंपणाला टेकून उभी आहे. अंगावर करपलेल्या साखरेचे काळे पापुद्रे आहेत आणि त्यांना असा आंबट-कडू वास येतो, की माझा मलाच वीट आलाय.

मी अशी नव्हते हो! कारखान्यातून निघाले तेव्हा काळीभोर, गुळगुळीत होते. वर सलग काच आणि खाली विजेच्या तारांची चार वेटोळी. ज्योत नाही, काजळी नाही. मधुमतीने दुकानात माझ्यावरून हात फिरवला आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, ही पुसायला किती सोपी!" तेवढ्यावर मी या घरात आले.

मधुमती शाळेच्या ऑफिसात नोकरी करते. संध्याकाळी घरी आली की फोडणी, पोळ्या, आणि सगळं उरकलं की मला व्हिनेगरने लख्ख पुसायची. इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाचा चहा तिच्याकडे असे. आलं घालायची आणि खिडकीतल्या कुंडीत थंडीवाऱ्यापासून जपलेला गवती चहा. लोक भाषणं चुकवायचे, पण तिचा चहा चुकवत नसत. मंडळाचा चहाचा बॉयलरही आमच्याच जिन्याखालच्या कपाटात असायचा. विजेवर चालणारा, खाली तोटी असलेला, चांगला दणदणीत.

सगळं सुरळीत होतं. मग तिच्या नवऱ्याने, श्रीकांतने, लवकर निवृत्ती घेतली आणि त्याला छंद सुचला. घरी बिअर करायचा.

मोड आणलेल्या सातूचा अर्क डब्यात मिळतो. काकवीसारखा चिकट. तो पाण्यात घालून तासभर खळखळा उकळायचा, निववायचा आणि यीस्ट घालून आंबायला ठेवायचा. यासाठी त्याने वीस लिटरचं पातेलं आणलं आणि माझ्या दोन वेटोळ्यांवर मिळून ठेवलं. आता मला सांगा, मी घरच्या वरण-भाताची शेगडी. काच फार तापली की मी आपोआप बंद होते आणि निवले की पुन्हा सुरू होते. जीव वाचवायची सोय आहे ती. पण श्रीकांत माझ्यापुढे हात कमरेवर ठेवून म्हणायचा, "ही शेगडी अगदीच बोगस आहे!"

म्हणजे मीच बोगस! आणि झाकण ठेवून टीव्ही बघायला जाणारा हा शहाणा! झाकणाखाली फेस फुगायचा, उतू जायचा आणि माझ्यावर जळून चिकटायचा. मग हा सुरीने मला खरवडायचा. शी! आठवलं तरी अंगावर काटा येतो.

मुलगी तनिषा इथेच जन्मलेली. ती दारातूनच ओरडायची, "बाबा, इट्स सो डिस्गस्टिंग! सगळं घर ओला कुत्रासारखं स्मेल करतोय!"

त्याने बागेत गॅसचा बर्नर लावून पाहिला, तर वाऱ्याने तो सारखा विझायचा. अशात त्याने हॉप्सची वाळकी हिरवी फुलं मागवली. बिअरला कडवटपणा त्यांनीच येतो म्हणे. ती तर चांगली रटरटा उकळायला हवीत. मधुमती शाळेत गेली होती. याने जिन्याखालचं कपाट उघडलं आणि मंडळाचा बॉयलर बाहेर काढला.

माझ्या शेजारच्या ओट्यावरच तो उकळत होता, म्हणून मी सगळं पाहिलं. काम झाल्यावर श्रीकांतने तो नळाखाली एकदा खळबळला, फडक्याने बाहेरून पुसला आणि होता तिथे ठेवून दिला. तोटीत फुलांचा चोथा अडकला असेल, हे त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

त्याच आठवड्यात गुढीपाडव्याचा कार्यक्रम होता. मधुमती हॉलवरून घरी आली ती पैठणीसकट माझ्यासमोर स्टुलावर बसली.

"कुणी चहा प्यायलाच नाही हो. कडू जहर झाला होता. वर हिरवं काहीतरी तरंगत होतं. ती मंडळातली मृणाल सगळ्यांसमोर म्हणाली, 'ताई, गवती चहा कुजका होता का? आता राहू दे, पुढच्या वेळेपासून मी बघते.' बॉयलर पण तीच घेऊन गेली."

श्रीकांत फ्रिजपाशी उभा होता. त्याचा चेहरा पडला, म्हणजे त्याला कळलं होतं. मला वाटलं, आता सांगेल.

"होतं गं असं कधीकधी," तो म्हणाला आणि बाहेर निघून गेला.

इतकी किळस मला त्या चिकट फेसाचीही कधी आली नव्हती. मला तोंड असतं तर तिथल्या तिथे ओरडले असते. मधुमतीने उठून खिडकीतला गवती चहा मुळासकट उपटला आणि कचऱ्यात टाकला. त्यानंतर ती मंडळात गेली नाही. घरीसुद्धा मगात टी-बॅग बुडवून तो फिक्कट चहा पिऊ लागली.

बॉयलर गेला, तेव्हा हा निर्लज्ज पुन्हा माझ्याकडे वळला. परवा शनिवारी पातेल्यात फुलं टाकली आणि फोनमध्ये डोकं घातलं. फेस उतू गेला. मधुमती धावत आली, फडक्याने माझी कड पुसली आणि थांबली. फडक्यावर हिरवे कण होते. तिने ते बोटांत चोळले, हुंगले, जिभेला लावले.

"अहो, तुम्ही बॉयलरमध्ये हे उकळलं होतंत?"

"मधू, अगं मी सांगणारच होतो..."

"मृणालला फोन लावा. स्पीकरवर ठेवा."

त्याने लावला. चाचरत, घसा खाकरत शेवटी म्हणाला, "मृणाल, पाडव्याला मधूची चूक नव्हती. मी त्या बॉयलरमध्ये बिअर केली होती."

पलीकडून मृणाल खो खो हसली. "दादा, यू आर टू मच! पुढच्या वेळी आम्हाला पण बाटली आणा हं!"

आणि श्रीकांतही हसला! सुटलो म्हणून हसला. मधुमतीच्या हातून झालं तेव्हा कुजका गवती चहा, आणि याच्या हातून झालं तर गंमत!

मधुमतीने त्याच्या हातातून फोन घेतला. "मृणाल, हसून झालं की बॉयलर आणून दे. त्याची तोटी हे घासतील. आणि गवती चहा कुजका नव्हता, हे तू मंडळात सगळ्यांसमोर सांगायचंस. जसं तेव्हा सगळ्यांसमोर विचारलंस, तसंच."

पलीकडून बारीक आवाज आला, "हो ताई. सॉरी."

या गडबडीत पातेल्याखाली साचलेला पाक जळत होता, तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. फाटकन आवाज झाला. माझी काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली होती. मधुमतीने भिंतीवरचं बटण बंद केलं.

आता जुनं सामान उचलणारी कौन्सिलची गाडी मला न्यायला येणार आहे. तुम्हाला एकच सांगते, घरच्या शेगडीला तिचं काम करू द्या. छंद असेल तर त्याची भांडी वेगळी घ्या आणि ती स्वतः घासा.

सकाळी शेगडी बसवणारा माणूस माप घ्यायला आला होता. खिडकी उघडी होती, मला सगळं ऐकू आलं. मधुमतीने त्याला एकच गोष्ट विचारली, नव्या शेगडीवर वीस लिटरचं पातेलं चालेल का?

"सॉरी मॅडम, नो," तो म्हणाला.

"परफेक्ट," मधुमती म्हणाली. "आय विल टेक इट."