उरलेले पान

तुर्सुनॉयने तसराळ्यात कोमट पाणी ओतले, कोपर बुडवून पाहिले आणि कासवाचे पिल्लू अलगद त्यात सोडले. मुलाला, तान्ह्या एल्मुरोदला न्हाऊ घालायची तेव्हाही ती असेच कोपराने पाणी पाहायची. पिल्लू अक्रोडाहून थोडेसेच मोठे होते. पाण्यात त्याने पाय बाहेर काढले नाहीत, मान तर नाहीच.

"आपा, अजून तोंड उघडलं नाही का त्यानं?" भिंतीवरून कुमरीचे डोके वर आले.

कुमरी शेजारची, तुर्सुनॉयला थोरली बहीण मानून आपा म्हणणारी. तिच्याच नवऱ्याने हे पिल्लू माळावरच्या रस्त्यावरून, ट्रकच्या चाकापुढून उचलून आणले होते. त्यांच्या घरात पोरे आणि कुत्रा, म्हणून ते इकडे आले. 'तुझ्या घरात श्वास घेणारं काहीतरी असू दे,' असे म्हणत कुमरीने ते ओंजळीत ठेवले होते आणि तुर्सुनॉयला नाही म्हणता आले नव्हते.

"घेतंय कुठे! सगळं पुढे ठेवून पाहिलं."

द्राक्षाच्या मांडवाखाली, धुतलेल्या कापडावर सगळे मांडलेले होते. चहात भिजवलेला नान, बेदाणे, पुलावाची शिते, उकडलेले गाजर.

कुमरी खो खो हसली. "अगं बाई, हा काय पोरगी बघायला आलाय? मिठाई तेवढी राहिली!"

"पहिल्यांदा घरात आलेल्यापुढे नान नको ठेवायला?"

"कासवाला नान? पोट फुगून मरेल बिचारं." मग तिचा आवाज उतरला. "पण उपाशीही नको ठेवूस हं. आमचे हे म्हणतात, उन्हाळा चढला की ही कासवं जमिनीत शिरतात, ती थेट पुढच्या वसंतात वर येतात. पोट रिकामं असलं तर येतच नाहीत."

तुर्सुनॉयचा हात पाण्यातच थांबला.

"आणि काय गं आपा, भिजवलास तो नान भिंतीवरचा तर नव्हे ना?"

"जीभ आवर. तो एल्मुरोदचा आहे."

आतल्या खोलीत खिळ्याला दोरीने एक नान टांगलेला होता. त्याच्या कडेचा एक घास गेलेला. मुलगा मॉस्कोला बांधकामावर निघाला तेव्हा उंबऱ्यात उभे राहून त्याने तो दातांनी तोडला होता. निघणाऱ्याने एक घास खायचा, उरलेला घरात टांगायचा आणि परत आल्यावर त्यानेच तो संपवायचा. आता त्या नानाचा दगड झाला होता. दर शुक्रवारी तुर्सुनॉय तो मऊ फडक्याने पुसायची. दातांच्या खुणा होत्या तिथे मात्र फडके लावायची नाही, नुसती फुंकर घालायची.

तिने पिल्लू पुसून उन्हात ठेवले आणि ती समोर बसून राहिली. बसता बसता तिला वडील आठवले. माळ नांगरताना ते बैल थांबवून एकेक कासव उचलून बांधाला ठेवत, आणि ती लहानगी त्यांच्या मागे पळत असे. त्या वेळी माळ रानखसखशीने लाल झालेला असायचा आणि कासवांची तोंडेही लाल. पोरे तुती खाऊन बसावीत तशी ती दिसत. इतक्या वर्षांत ही गोष्ट तिला कधी आठवली नव्हती. सांगायला कोणी नव्हते, हेही खरे.

ती उठली आणि ओढणी बांधून कालव्याकडे गेली. रानखसखशीचा बहर सरत आला होता. मूठभर पाकळ्या मिळाल्या, थोडी लसूणघास आणि बांधावरच्या तुतीची कोवळी पाने. परत आली तेव्हा उन्हाने पिल्लाची पाठ तापली होती आणि मान बाहेर आली होती. तिने एक पाकळी दोन बोटांत धरली. पिल्लाने ती हुंगली, मान तिरकी केली आणि चावा घेतला.

तुर्सुनॉयने श्वास सोडला तो थेट "घे रे राजा" असाच बाहेर पडला.

मग कालव्यावर जाणे रोजचेच झाले. मांडवाच्या कोपऱ्यात तिने मातीत वाळू मिसळून वाफा केला, फुटका माठ सावलीला आडवा घातला, कावळ्यांनी उचलून नेऊ नये म्हणून वर जाळी टाकली. सकाळचा चहा ती आता तिथेच घ्यायची. पिल्लाला तुतीची पाने सगळ्यांत आवडत. चावता चावता ते थांबायचे आणि तिच्याकडे पाहायचे.

"पाहतोस काय? चोरलेली नाहीत," ती म्हणायची.

एल्मुरोदचा फोन आला तेव्हाही ती तिथेच होती.

"आई, कोणाशी बोलत होतीस?"

"पाहुणा आलाय."

"कोण?"

"तू ये, मग दाखवते."

पलीकडे कसलेसे यंत्र घरघरत होते. "आई, या शरदात काही जमेलसं वाटत नाही गं. काम लांबलंय. पुढच्या वर्षी बघू."

"बरं."

"आवाज असा का येतोय?"

"तोंडात घास आहे," ती म्हणाली. तिच्या हातातला चहा केव्हाच गार झाला होता.

तुती पिकून बांधावर सडा पडू लागला. ऊन भिंतींवरून उतरेना. पिल्लाचे खाणे कमी होत गेले. एका सकाळी तिने जाळी उचलली तर वाफा मोकळा. आदल्या दिवशीचे तुतीचे पान तसेच पडलेले, एका बाजूने कुरतडलेले. माठाशेजारी माती जराशी फुगली होती.

तिने गुडघे टेकले आणि बोटांनी माती उकरायला घेतली.

"आपा! आपा, नको!" कुमरी भिंतीवर जवळजवळ चढलीच. "त्याला जाऊ दे गं. पोट भरून गेलंय ना?"

"पण सांगून तरी जायचं."

"कोण सांगून जातं? वसंतात येईल."

तुर्सुनॉयने उकरलेली माती परत लोटली, हलक्या हाताने थापली. पान उचलले आणि ओढणीला हात पुसत ती आत गेली.

थोड्या वेळाने कुमरी ताकाचे भांडे घेऊन आली, तेव्हा आपा आतल्या खोलीत स्टुलावर उभी होती. एका हाताने तिने भिंतीवरचा नान किंचित बाजूला सारला होता. ओठांत दोरा धरलेला होता.

"या वयात स्टुलावर? काय चाललंय?"

तुर्सुनॉयने दोरा ओठांतून काढला, पानाच्या देठाला गाठ मारली.

"काही नाही गं," ती म्हणाली. "जरा जागा करतेय."