एक सोडून एक

घरात तिला सगळे ‘चौकशीखातं’ म्हणायचे. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात ती सासऱ्यांच्या वर्कशॉपच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, “मामंजी, दात चाकाला आहेत, साखळीला नाहीत. मग झिजतं कोण आधी?” मामंजींनी हातातला पाना खाली ठेवला, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, “आत ये. उंबऱ्यावरून विचारलेल्या प्रश्नांना मी उत्तरं देत नाही.”

ती आत गेली ती गेलीच. जड ओझी उचलणाऱ्या यंत्रांची दातेरी चाकं आणि साखळ्या बसवून देणं हा मामंजींचा धंदा. नवरा बाहेरगावच्या कामांवर असायचा, त्यामुळे सुनेचा हात हळूहळू त्यांच्या कामाला लागला. तिने स्वतःला एक नेमही घालून घेतला होता. चाक दांड्यावर चढवण्याआधी त्याच्या प्रत्येक दातावरून बोट फिरवायचं, आणि बोट पहिल्या दातापाशी परत येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. कुणी सांगितलेलं नव्हतं. नेम मोडला असता तर चाक काही तक्रार करणार नव्हतं; पण म्हणून मोडायचा कशाला?

त्या दुपारी मामंजींची थोरली बहीण कामाच्या वेळेत घरी आली, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे कळलं. आत्याबाई सूत रंगवायच्या कारखान्यात ओझं उचलणाऱ्या हॉइस्टच्या लिव्हरवर बसायच्या. सुताच्या ओल्या लड्यांची लोखंडी चौकट उकळत्या रंगाच्या हौदातून वर उचलायची, बाजूला न्यायची, खाली ठेवायची. पंचविशीपासून त्यांनी दुसरं काम केलं नव्हतं आणि करायची इच्छाही नव्हती.

“मला उठवताहेत लिव्हरवरून,” त्या पिशवी टेबलावर आपटत म्हणाल्या. “चौकट परत हिसका खायला लागली. काल रंग उडाला पार भिंतीपर्यंत. मॅनेजर म्हणतो, चाक नवं, साखळी नवी, जुना राहिला तो तुमचा हात.”

मामंजी चष्मा पुसायला लागले. चाक आणि साखळी गेल्या हंगामात त्यांनीच बसवली होती.

“गप्प का रे? तुलाही तसंच वाटतं?”

“अक्का, तुझा हात थरथरतो. परवा चहा बशीत जास्त आणि कपात कमी होता.”

“चहाला थरथरतो! चहा मला आवडत नाही म्हणून थरथरतो!” आत्याबाई सुनेकडे वळल्या. “उद्या सुट्टी आहे, हॉइस्ट बंद असेल. तुम्ही दोघं येऊन बघा. काही सापडलं नाही, तर परवापासून मी लड्या मोजायच्या टेबलावर. तिथे त्या बायका दिवसभर सुनांच्या चुगल्या करतात, आणि मला सून एकच, तीही भावाची. मी करू काय तिथे?”

सून हसली, पण आत्याबाईंच्या मांडीवरचा उजवा हात डाव्या हाताखाली दडवलेला तिला दिसला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात रंगाचा आंबूस वास होता आणि हौद निवलेले होते. हॉइस्ट वर, लोखंडी मचाणावर. मोटरीच्या दांड्यावर लहान दातेरी चाक, तिथून साखळी वरच्या मोठ्या चाकाकडे, आणि मोठं चाक ढोल फिरवणार, ज्याच्यावर ओझ्याचा दोर गुंडाळला जातो. मामंजींनी साखळी सोडली, चाक दांड्याला जखडणारी चावी ठोकून काढली, लहान चाक दांड्यावरून ओढून घेतलं आणि सुनेच्या हातात दिलं.

“झिजलंय,” ते म्हणाले. “एका हंगामात इतकं झिजायला नको. हिसके बसले की झिजतंच.”

म्हणजे दोष आत्याबाईंच्या हाताकडेच चालला होता. सून मचाणावर मांडी घालून बसली. तिचा नेम नव्या चाकापुरता होता, पण सवयीनं बोट या जुन्या चाकावरही फिरायला लागलं. मामंजी काहीतरी विचारत होते. तिने मान हलवली, ओठ मिटलेलेच. पहिला दात बोटाला बरा लागला. दुसरा आकडीसारखा वाकलेला, एका बाजूने खाल्लेला. तिसरा बरा. चौथा आकडी. पाचवा बरा.

बोट पहिल्या दातापाशी परत आलं, तरी ती थांबली नाही. पुन्हा एक फेरी मारली.

“मामंजी, हात थरथरल्यावर दात कसे झिजतील?”

“कसे म्हणजे? हिसका बसेल तसे. कुठेही.”

“कुठेही ना? मग हे एक सोडून एक का झिजलेत?”

मामंजींनी चष्मा लावला, चाक उजेडाला धरलं. मग चष्मा काढून बोट फिरवलं. त्यांच्या भुवया वर चढल्या त्या तिथेच राहिल्या.

“थरथरणारा हात काही मोजून थरथरत नाही,” सून हळूच म्हणाली.

“साखळी दे इकडे.”

साखळीला दोन तऱ्हेच्या कड्या असतात, एक आतली अरुंद, एक बाहेरची रुंद, सगळीकडे आळीपाळीने. मामंजींनी साखळी मचाणावर ताणली आणि पट्टी लावली. आतल्या कड्या होत्या तेवढ्याच होत्या. बाहेरच्या लांबल्या होत्या. कड्या जोडणाऱ्या पिना झिजल्या की बाहेरच्याच कडीची लांबी वाढते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यात नवल काही नव्हतं.

“चाकाला दात अठरा,” सून बोटांवर हिशेब लावत म्हणाली. “जोडीचे. साखळीच्या कड्याही जोडीच्या. म्हणजे या दातावर आज रुंद कडी बसली, तर उद्याही रुंदच बसणार. कायमची. एकाच्या नशिबी लांबलेली, शेजारच्याच्या नशिबी चांगली.”

“आणि लांबलेली कडी दात वाकवते,” मामंजींनी वाक्य पुरं केलं, “वाकला की त्याच्यावर चढते, आणि चढली की ओझ्याखाली घसरते. हिसका.” ते थांबले. “दात विषम असते तर प्रत्येक फेरीला कडी बदलली असती. झीज सगळ्यांत वाटली गेली असती. अगं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही.”

“मग अठरा का घेतलं?”

मामंजींनी हातातली पट्टी चाकावर आडवी टेकवून दाखवली. बसवलेलं चाक डगमगत नाही ना हे बघायला ते पोलादी पट्टी एका दातापासून बरोबर समोरच्या दातापर्यंत टेकवायचे. दात सम असले की समोर दात येतो. विषम असले की समोर खाच येते आणि पट्टी हवेत राहते. म्हणून उभ्या आयुष्यात ते चाक निवडताना आधी सम आकडा बघायचे, मग बाकीचं. हलक्या कामांवर त्याचं कधी काही बिघडलं नव्हतं. ओली चौकट मात्र हलकी नव्हती, आणि हौदाची वाफ तेल टिकू देत नव्हती.

“माझ्या पट्टीच्या सोयीपायी,” ते म्हणाले, “अक्काची लिव्हर जायची वेळ आली.”

आता निवड सतरा की एकोणीस. सून म्हणाली, मोठं घ्यावं, कडी सौम्यपणे वळेल. मामंजींनी मान हलवली. “एकोणिसाने चौकट भरभर उठेल आणि मोटर धापा टाकेल. सतराने सावकाश उठेल. साखळीवर ओढ जराशी वाढेल, पण तिची ताकद आपण पुष्कळ राखून घेतो. उकळत्या रंगावर घाई कुणाला आहे?” दुकानातून ते सतरा दातांचं, दातांना नीट पाणी देऊन कडक केलेलं चाक घेऊन आले, आणि साखळीही नवी. जुन्या साखळीवर नवं चाक चढवणं म्हणजे आजाऱ्याच्या अंथरुणात पाहुणा झोपवणं, असं ते म्हणायचे.

सुनेने सतराही दातांवरून बोट फिरवलं. तेवढा वेळ मामंजीही गप्प राहिले.

चाक चढलं, चावी बसली, मोटर जरा मागे सरकवून साखळीचा ढिलेपणा काढला. मग मामंजींनी सवयीने पट्टी उचलली, समोरच्या खाचेकडे बघितलं आणि ओशाळून खाली ठेवली.

“पट्टी कशाला फिरवायची?” सून म्हणाली. “फिरायचं काम चाकाचं आहे.” तिने एक तार मचाणाला घट्ट बांधली, तिचं टोक चाकाच्या कडेला लागेल न लागेल असं ठेवलं आणि चाक हाताने हळूहळू फिरवलं. सतराही दात तारेसमोरून सारख्याच अंतराने गेले. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही.

“हे मला पंधरा वर्षांपूर्वी का नाही सुचलं?”

“तेव्हा चौकशीखातं उघडलं नव्हतं ना.”

सुट्टी संपून पहाटेची पाळी सुरू झाली, हौद तापले, मॅनेजर हातात जुनं चाक घेऊन उभा राहिला. मामंजींनी त्याला सगळं सांगितलं होतं, पट्टीसकट. तो एक सोडून एक दात चाचपत होता. “चाकाचं पटलं,” तो म्हणाला, “तरी एकदा बघू दे.”

आत्याबाई लिव्हरवर बसल्या. उजवा हात पुढे आला आणि सगळ्यांना दिसेल असा थरथरत होता. त्यांनी तो या वेळी झाकला नाही.

“बघा नीट,” त्या मॅनेजरला म्हणाल्या. “थरथरतो. पण या लिव्हरला खाचा आहेत. ती एकदा खाचेत बसली की माझा हात काय करतो हे तिला विचारायचं कारण नाही.”

लिव्हर खट् करून बसली. साखळी ताणली गेली. लाल पाणी निथळत चौकट हौदातून वर यायला लागली. जिथे हिसका बसायचा तिथे ती पोचली. चौकट तिथून पुढे गेली, वर गेली, सरळ, नुसती निथळत. मॅनेजर हाताकडे बघत राहिला, मग चौकटीकडे, मग त्याने जुनं चाक बाकावर ठेवलं आणि लड्यांच्या टेबलाकडे निघून गेला. आत्याबाईंना सोबत या म्हणाला नाही.

“आत्याबाई,” सुनेने विचारलं, “चौकट वर जाताना आवाज वेगळा आणि रिकामी खाली येताना वेगळा, असं का?”

“बाई गं,” आत्याबाई लिव्हरवरून डोळे न काढता म्हणाल्या, “मी इथेच आहे. रोज येत जा आणि रोज एक विचारत जा.”