चेरीची धार

“सोडू नगंस तिला, जेरुशे. बांध तितंच.”

“आन खायाला काय घालू? तुमची टोपी?”

कुंपणाच्या आडव्या दांड्या काढून जेरुशा प्रुइट कमरेवर हात देऊन उभी होती, आणि अॅबनर कुऱ्हाड खांद्यावर टाकून तिच्यावर डोळे वटारत होता. दोघांच्या मध्ये चेरी गाय, गळ्यातली घंटा हलवत, कोण जिंकतंय याची वाट बघत होती.

त्या साली इंडियानाच्या रानात पावसाने तोंडच दाखवलं नव्हतं. जंगल तोडून काढलेल्या तुकड्यात गवत असं वाळलं होतं की पायाखाली कुरकुरायचं. मका कमरेएवढा होऊन थांबला होता. हिरवं म्हणून काही उरलं होतं ते ओहोळापलीकडच्या घळीत. तिथे कातळातून पाणी झिरपायचं आणि दाट सावलीत पांढऱ्या तुऱ्यांची झुडपं माजली होती.

“घळीतली हवा वंगाळ हाय म्हंत्यात. मक्याची वैरण घाल तिला,” अॅबनर म्हणाला.

“आत्ताच वैरण घालून बसले तर बर्फात काय घालू? तुमी हवा हुंगत बसा. माझ्या गाईला पोट हाय.”

अॅबनर कुऱ्हाड सावरत ओंडक्यांकडे वळला. चेरी घंटा वाजवत घळीत उतरली. दोन-चार दिवसांत तिची कास तटतटून यायला लागली तेव्हा जेरुशाने भरली बादली मुद्दाम नवऱ्याच्या नाकासमोरून नेली.

“बघा, हवेनं भरलीया!”

“जिकलीस बाई,” असं म्हणून त्याने घटाघटा दूध पिऊन मिशा पुसल्या.

दूध घरात एकट्या अॅबनरला. ओंडके तोडणारा गडी तो. त्याच्या अंगात जोर असला तर घर चालणार. धाकटी तबिथा भांड्याकडे टक लावून बघायची.

“आई, मला लोनी?”

“पैलं तुज्या बाला. तू का कुऱ्हाड चालवतीस?”

पोर हिरमुसायची. जेरुशा स्वतःही कोरडीच भाकरी खायची. साईचं लोणी ती झऱ्याच्या गार पाण्यात मडकं ठेवून साठवायची.

आणि मग एका सकाळी अॅबनरला कुऱ्हाड उचलवेना. पाय लटपटायला लागले. दुपारी उलटी झाली, ती थांबेचना. तहान तर अशी की बादलीला तोंड लावावं.

“ऊन लागलं आसंल,” तो म्हणाला. “दूद दे. बरं वाटंल.”

तिने दूध दिलं. सकाळी दिलं, संध्याकाळी दिलं. तो आणखी खचत गेला.

शेवटी तबिथाला धाडून तिने महाला मावशीला बोलावलं. मावशी ओहोळाच्या वरच्या अंगाला राहायची. सगळ्या रानात बाळंतपणं तीच करायची आणि मढीही तीच धुवायची. केंटकीत असताना तिची दोन पोरं अशाच आजाराने गेली होती. ती आली ती घरात न जाता गोठ्याशीच थांबली. चेरीचं वासरू पाय फाकून उभं होतं आणि त्याचं सारं अंग थरथरत होतं.

“कवापासनं?”

“काल सांजेपासनं. का वं मावशी?”

मावशीने आत जाऊन अॅबनरच्या तोंडाजवळ वाकून वास घेतला. केंटकीत तिच्या पोरांच्या तोंडाला यायचा तोच. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

“कुनी म्हंतं दव बादतं, कुनी म्हंतं धुकं. मला इचारशील तर दुदातच कायतरी उतरतंय. बंद कर दूद. थेंब बी देऊ नगंस.”

“गाय तर ठणठणीत हाय की!”

“गाय ठणठणीतच असती गं. पिनारा जातो.”

घळीकडे गाय जेरुशानेच हाकलली होती, भांडून हाकलली होती. दुसऱ्या दिवशी वासरू मेलं. तेव्हापासून तिने दुधाचा थेंब घरात येऊ दिला नाही. अॅबनर दुधासाठी हात पुढे करायचा, अगदी पोरासारखा, आणि ती तोंड फिरवायची.

“दूद कुनासाटी राकतीस गं? म्या काय इतक्यात मरत न्हाई.”

“आसं बोलू नगा. ह्या कण्या खावा. ताकद यील.”

मक्याच्या मऊ कण्या शिजवून ती वर मडक्यातल्या लोण्याचा गोळा सोडायची. तोंडाला चव येईल, अंगात काहीतरी जाईल, एवढंच तिच्या मनात. तो चार घास घ्यायचा आणि मान वळवायचा. उरलेलं ड्रम, त्यांचा शिकारी कुत्रा, चाटून लख्ख करायचा.

मध्ये एक दिवस अॅबनर उठून बसला. कण्या ग्वाड झाल्यात म्हणाला. जेरुशाला रडू फुटलं. तिने दुसऱ्या दिवशी लोणी जरा जास्तच घातलं.

त्याच्या पुढच्या सकाळी अॅबनर गेला.

घराला लाकडी जमीन करायची म्हणून त्याने फळ्या फाळून ठेवल्या होत्या. त्यांचीच पेटी झाली. शेजारची चार माणसं जमली, माती लोटली आणि अंगणात भाकरी खायला बसली. जेरुशा ओंडक्यावर बसून होती. कोणी काय बोलतंय ते तिला ऐकू येत नव्हतं.

“पोरगी उपाशी हाय,” म्हणत महाला मावशीने झऱ्यातलं मडकं आणलं आणि तबिथाच्या भाकरीवर बोटभर लोणी फासलं. “खा माजी बाय.”

तबिथाचे डोळे चमकले. तिने भाकरी तोंडाशी नेली.

जेरुशाची नजर तेव्हा उंबऱ्याकडे होती. ड्रम उठायला बघत होता. पुढचे पाय टेकले, मागचे घसरले, आणि त्याचं सारं अंग थरथरायला लागलं. वासराचं थरथरलं होतं तसंच.

तिने झेप घेऊन पोरीच्या हातातली भाकरी उडवली. तबिथा भेदरून रडायला लागली.

“खाल्लंस का? बोल! गिळलंस का?”

“न्हाई गं आई! कुटं खाल्लं?”

“अगं, डोकं फिरलं का तुझं?” मावशी ओरडली. मग तिने कुत्र्याकडे पाहिलं, आपल्या लोण्याने माखलेल्या बोटांकडे पाहिलं, आणि मटकन खाली बसली.

“लोनी मला सुचलंच न्हाई गं,” ती म्हणाली. “दूद म्हनले म्या. निस्तं दूद.”

“मला तरी कुटं सुचलं, मावशी,” जेरुशा म्हणाली. “माज्या हातानं भरवलं मी. रोज.”

माणसं टोप्या उचलून आपापल्या वाटेने निघाली.

दिवस कलला तशी घळीकडून घंटा वाजत आली. चेरी कास सांभाळत, हंबरत कुंपणाशी येऊन उभी राहिली. धार काढल्यावाचून जनावराला सुटका नव्हती. जेरुशा उठली, गाईच्या कुशीला डोकं टेकून बसली आणि धार काढू लागली. दूध सरळ मातीत पडत होतं.

“आई, बादली इसरलीस,” तबिथा म्हणाली.

“व्हय गं. इसरले.”

वासरू मेल्यापासून चेरीला कोणी उरलं नव्हतं. ती मान वळवून जेरुशाचाच खांदा चाटत राहिली.