आठ नंबरची चिठ्ठी

बोर्डावर बसलेली चंपा चुकत नाही, असं मी तीन वर्षं सगळ्यांना ऐकवत होते. बोर्ड म्हणजे टेलिफोनचा. लोणावळ्याच्या ‘सह्यनिवास’ हॉटेलात अठरा खोल्या, अठरा खोल्यांत अठरा काळे फोन, आणि त्या सगळ्यांना बाहेरच्या जगाशी जोडून देणारी एकटी मी, टाकवे बुद्रुकच्या दत्तोबांची थोरली. सन सहासष्टची गोष्ट. मॅट्रिक झालेल्या मुली आमच्या भागात बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आणि कानाला हेडफोन लावून ‘नंबर प्लीज’ म्हणणारी तर मी एकच. तोरा असायचाच, आणि होता.

कामही तसं तोऱ्याचंच होतं. एखाद्या खोलीत फोन उचलला की बोर्डावर त्या नंबरची झडप खटकन पडायची. गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचा नंबर सांगायचं, मी एक्स्चेंजला सांगून ट्रंक कॉल लावून घ्यायचे. बोलणं संपलं की एक्स्चेंजमधून नंदाबाईचा आवाज यायचा, “सह्यनिवास, पुणे, तीन मिनिटं.” मग मी चिठ्ठी लिहायचे. खोली, नंबर, वेळ, मिनिटं. माझी जागा माळ्यावर होती, म्हणून चिठ्ठी लाकडी चिमट्याला लावून दोरीवरून खाली काउंटरवर सोडायचे. खाली निवृत्ती कारकून ती त्या गिऱ्हाइकाच्या बिलाला जोडायचा. महिनाअखेर टेलिफोन खात्याचं बिल आलं की त्यातले कॉल आणि आमच्या चिठ्ठ्या ताडून बघायच्या. पण खात्याला ठाऊक फक्त हॉटेल. कुठल्या खोलीतून फोन गेला, हे जगात एकाच कागदावर असायचं, आणि तो कागद माझ्या हातचा.

चिठ्ठीबाबत मालकांचा नियम एकच होता, आकडे इंग्रजीत लिहायचे. खात्याचं बिल इंग्रजीत यायचं, खोल्यांच्या दारांवरचे नंबर इंग्रजी. शाळेत उजळणी मराठीत घोकलेल्या हाताला ते पहिले दोन महिने जड गेलं, पुढं सवय झाली. निदान मला तसं वाटत होतं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मॅनेजर कोंडाजीरावांनी आम्हा सगळ्यांना काउंटरपाशी बोलावलं. स्वयंपाकी, वेटर, माळी, निवृत्ती, मी आणि भागूबाई. भागूबाई खोल्यांची झाडलोट करायच्या. त्या बेडश्याच्या डोंगराखालच्या ठाकरवाडीतल्या. आठवडाभर हॉटेलामागच्या पत्र्याच्या खोलीत राहायच्या आणि सोमवारची सुट्टी घेऊन घरी जायच्या. नवरा शिदू पुण्याला लाकडाच्या वखारीत हमाल होता.

कोंडाजीरावांच्या हातात माझी एक चिठ्ठी होती. बारा तारखेचा शिक्का, दुपारी अडीचची वेळ, खोली नंबर आठ, पुण्याचा नंबर, तीन मिनिटं.

“बारा तारखेला आठ नंबर रिकामी होती,” ते म्हणाले. “बिल लावायला माणूसच नाही, म्हणून ही चिठ्ठी निवृत्तीकडे पडून राहिली. मी त्या पुण्याच्या नंबरला फोन करून बघितला. लाकडाची वखार आहे.” मग भागूबाईंकडे वळून म्हणाले, “अडीच वाजता आठची किल्ली कुणाकडं होती गं?”

“माझ्याकडं व्हती,” भागूबाई म्हणाल्या. “गाद्या उन्हात टाकल्या व्हत्या.”

“आणि नवरा कुठं कामाला आहे?”

तेव्हा कुठं भागूबाईंच्या ध्यानात आलं, गाडी कुठं चाललीय. “साहेब, त्या डब्ब्याला म्या फडक्याबिगर हात लावला न्हाई. मला त्यो उचलाया बी भ्या वाटतं. आन् माझा नवरा बारदानावर झोपतो, त्याला फोनवर कोन बोलवील?”

माळी फिसकन हसला. कोंडाजीराव हसले नाहीत. “चंपा, चिठ्ठी तुझी. चूक असू शकते का?”

इथं मी जे केलं ते सांगायला मला आजही जड जातं. तीन वर्षं ही बाई दुपारच्या वेळी माझा चहा माळ्यावर आणून द्यायची. मला ताप आला तेव्हा हिनं मला पेज करून घातली होती. ती खोटं बोलत नाही हे मला कळत होतं. पण प्रश्न माझ्या चिठ्ठीचा होता. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी म्हणाले, “आठ लिहिलंय म्हणजे आठचीच झडप पडली. माझी चिठ्ठी चुकत नाही.”

“आवाज बाईचा होता का बाप्याचा?”

“दिवसाला साठ कॉल होतात, साहेब. तीन आठवड्यांपूर्वीचा आवाज कुणाला आठवणार?”

भागूबाईंनी माझ्याकडं बघितलं. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. “ताई, तुमी तरी,” एवढंच म्हणाल्या. संध्याकाळच्या गाडीनं त्यांना घरी धाडलं. कोंडाजीराव म्हणाले, “पगार अडकवत नाही, पण पुन्हा इकडं येऊ नकोस.” पगाराचं काय, तो एरवी दुसरीकडं मिळाला असता. पण लोणावळा केवढंसं? एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं. चोरून फोन करणारी बाई म्हणून उद्या कुठल्या हॉटेलात, कुठल्या बंगल्यात तिला उभं केलं असतं?

दुसऱ्या दिवशी कोंडाजीरावांनी मला मालकांसाठी अहवाल लिहायला सांगितला. सोबत मूळ चिठ्ठी जोडायची आणि तिची नक्कल अहवालात उतरवायची. मी माळ्यावर बसून ऐटीत नक्कल करायला घेतली. खोली 8. नंबर 22030. वेळ 2.30. मिनिटं 3.

उतरवून झालं आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले. काहीतरी खटकत होतं. आकडे तेच, हात तोच, पण माझ्या आजच्या 3 ला शेपूट नव्हतं आणि बारा तारखेच्या ३ ला होतं. खाली ओढलेलं, चांगलं लांब, टाकव्याच्या शाळेत गुरुजींनी छडी मारून शिकवलेलं. मग दोनाकडं बघितलं. त्यालाही शेपूट.

त्या चिठ्ठीवर दोन, तीन आणि शून्य याखेरीज एकच आकडा होता. दोन, तीन, शून्य मराठीत नि इंग्रजीत जवळपास सारखेच दिसतात, म्हणून कुणाला शंका आली नाही. उरला तो एक. तो इंग्रजी आठ नव्हताच. तो मराठी चार होता. घाईत वरची दोन टोकं जवळ आली, आणि ४ चा झाला 8.

बारा तारखेला दुपारी मी काय करत होते, तेही आठवलं. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं, आणि बोर्डाला आराम होता म्हणून मी आमंत्रणांची यादी करत बसले होते. कामशेत चार घरं, बेडसे दोन घरं, वडगाव तीन. सगळं मराठीत. मध्येच झडप पडली, कॉल लावला, आणि त्याच पेन्सिलीनं त्याच ओघात चिठ्ठी लिहिली. कामाच्या वेळी घरची यादी करायची नाही, हाही नियम होता.

तरी खात्री हवी म्हणून खाली जाऊन हॉटेलचं रजिस्टर उघडलं. बारा तारीख, खोली चार, पुण्याचे एक लाकडाचे ठेकेदार, संध्याकाळी साडेपाचला गेले. लाकडाचा ठेकेदार वखारीला फोन करणार नाही तर कोण करणार? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती इथं मी माझ्या हातानं दिली होती, आणि चोर तर कुणी नव्हताच.

मी तडक कोंडाजीरावांसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही कागद उजेडात धरून बघितले. माणूस वाईट नव्हता, पण मॅनेजर होता.

“कळलं,” ते म्हणाले. “पण आता गप्प राहा. मालकांना कळलं की बोर्डावरच्या चिठ्ठ्यांचा भरवसा नाही, तर महिन्याची सगळी बिलं उकरतील. तुलाही काढतील. झाडलोटीला बाया दहा मिळतील, बोर्डाला नाही मिळणार. भागूबाईला मी दुसरीकडं कुठंतरी चिकटवून देतो.”

“दुसरीकडं कुठं? तिचं नाव तुम्ही सगळ्यांसमोर घेतलंत.”

“मी घेतलं. तू दुजोरा दिलास.”

ते खरंच होतं. चपराक बसावी तसं ते लागलं, आणि बरं झालं लागलं ते. मी म्हणाले, “मग सगळ्यांसमोरच मी तो मागं घेते. तुम्ही बोलवा, नाहीतर मी जेवणाची घंटा वाजवते.”

त्यांनी बोलावलं. स्वयंपाकी, वेटर, माळी, निवृत्ती, कालचीच माणसं. मी चिठ्ठी वर धरली आणि शेपट्या दाखवल्या. चार आणि आठ भिंतीवर खडूनं काढून दाखवले. माळी पुन्हा फिसकन हसला, या खेपेला मला. मी त्याला हसू दिलं. घरच्या यादीचंही सांगितलं, कारण अर्धं खरं सांगायला मी उभी राहिले नव्हते. मालकांनी मला काढलं नाही, लेखी ताकीद दिली. बोर्डाला खरंच दुसरं कुणी नव्हतं.

मंगळवारी मी रजा टाकली. कामशेतला उतरले आणि बेडश्याची वाट धरली. भातं कापून झाली होती, खाचरांत नुसती धसकटं उरली होती. वाटेभर मी काय बोलायचं ते घोकत होते, आणि मला वाटत होतं, भागूबाई मला बघून हरखून जातील.

त्या अंगणात मोळ्या बांधत होत्या. मला बघून थांबल्या नाहीत. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चिठ्ठी, चार, आठ, ठेकेदार, सगळ्यांसमोर दिलेली कबुली. त्यांनी मोळीची गाठ आवळली आणि म्हणाल्या, “म्हंजी कागुद म्हनला भागू चोर, तवा म्या चोर. आता कागुद म्हनतोय न्हाई, तवा तुमी आलात.”

“व्हय,” मी म्हणाले. किती वर्षांनी तोंडून ‘व्हय’ निघालं, देव जाणे. “चुकलंच माझं, मावशी. तुमचं तोंड बघून मला कळत होतं, तरी मी चिठ्ठीचं ऐकलं. मला लाज वाटते.”

“वाटू द्या. लाज वाटून मानूस मरत न्हाई.” मग त्या म्हणाल्या, “हितं वाडीत बी समदं कळलंय. माझ्या जावंनं पाण्याला जाताना इचारलं, काय गं, फोन करत व्हतीस म्हनं? तुमच्यात कागदाचंच ऐकत्यात, तर मला बी एक कागुद लिवून द्या. त्यावर तुमच्या साहेबाचा शिक्का आना. मग येते कामाला.”

माझ्या पिशवीत वही होती. मी तिथंच ओट्यावर बसून लिहिलं आणि वाचून दाखवलं, “बारा तारखेच्या टेलिफोनच्या चिठ्ठीत चूक झाली होती. त्यात भागूबाई यांचा काही दोष नाही.”

मला ते झकास वाटलं. भागूबाईंना नाही.

“चूक झाली म्हंजी?” त्या म्हणाल्या. “पाऊस झाला, पोर झालं, तशी झाली व्हय? आपल्या आपुन? कुनी केली त्ये कुटंय?”

मी कागदाकडं बघितलं. मॅट्रिक झालेली मी, अर्ज-अहवाल लिहिणारी मी. हॉटेलातल्या सगळ्यांसमोर तोंडानं कबूल केलं होतं, पण लिहायला बसले तशी माझी पेन्सिल मला गुपचूप कडेला ठेवून पुढं गेली होती. तिला तशीच सवय होती. आणि अक्षरओळख नसलेल्या बाईनं ते एका दमात पकडलं.

मी तो कागद फाडला आणि दुसऱ्यावर लिहिलं, “चिठ्ठी चंपानं चुकीची लिहिली. भागूबाई खरं सांगत होत्या, तरी चंपानं सगळ्यांसमोर त्यांना खोटं पाडलं.” खाली सही केली, बापाच्या नावासकट.

“वाचा,” त्या म्हणाल्या.

मी वाचलं.

भागूबाईंनी कमरेवर हात ठेवला आणि पलीकडच्या घराकडं बघितलं. त्यांची जाऊ दारात येऊन उभी राहिली होती, मागं आणखी दोघी-तिघी.

“जरा दम लावून वाचा ताई,” भागूबाई म्हणाल्या. “तितवर ऐकू जायाला पायजे.”

रोज पुण्या-मुंबईपर्यंत पोचणारा माझा आवाज त्या वीस पावलांच्या अंगणात फाटत होता. पण मी उभी राहिले, पदर सावरला, आणि माझ्या नावापासून पुन्हा सुरुवात केली.